खांद्याला काहीही झालेलं नाही

नोकरीत माझ्या हातून सगळ्यात जास्त काय झालं असेल, तर घोट्यांना चिकटपट्ट्या बांधणं. दुपारी सरावाआधी मुलं माझ्या खोलीत यायची, उंच टेबलांवर ओळीनं बसायची, पाय पुढे करायची आणि मी पट्ट्या बांधत सुटायचे. एकेकाचा घोटा माझ्या गुडघ्याएवढा. नागपूरला सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे परक्या पोरांच्या पायाशी बसायला इतकं शिकलीस?" मी म्हटलं, "हो, आणि पगारही मिळतो." त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. लग्नानंतर विनयबरोबर न्यू जर्सीला आले. व्हिसाची मेख अशी होती की नवऱ्यानं नोकरी करायची आणि बायकोनं खिडकीतून बर्फ बघायचा. ती अडचण सुटल्यावर इथल्या परीक्षा नव्यानं दिल्या आणि एका छोट्या कॉलेजात ॲथलेटिक ट्रेनर म्हणून लागले. पिस्कॅटवेपासून फार लांब नाही, पण नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसेल. ट्रेनर म्हटलं की आपल्याकडे लोकांना शिट्टी वाजवून धावायला लावणारा माणूस वाटतो. तसं काही नाही. मुलाला लागलं की मैदानात पळत जायचं, काय झालंय ते ओळखायचं, बरं करायचं, आणि तो कधी खेळू शकेल ते सांगायचं, एवढंच काम. मुलं मला 'डॉक' म्हणायची. मी डॉक्टर नाही हे पहिलं वर्षभर सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

यातलं शेवटचं काम, म्हणजे कधी खेळेल ते सांगणं, सगळ्यात अवघड. शनिवारी मॅच असायची आणि गुरुवारी संध्याकाळी कोचांच्या खोलीत बैठक. हेड कोच ग्रेडी एकेक नाव घ्यायचे आणि मी तीनपैकी एक उत्तर द्यायचे. खेळेल, बघू, किंवा नाही. मी 'नाही' म्हटलं की विषय संपला. भले तो मुलगा हवेत उड्या मारत असू दे, भले त्याचा बाप कॉलेजला देणगी देणारा असू दे. ग्रेडी साठीचे, काटक, तोंडात कायम च्युइंगम. माझ्या आधी असले अधिकार त्यांनी बाईमाणसाला कधी दिले असतील असं मला वाटत नाही. पण दिले, आणि पाळले. त्या एका शब्दावर माझी सगळी नोकरी उभी होती, कारण मुलं मला खरं सांगायची ती याच भरवशावर.

खरं सांगायची म्हणजे काय, तर सहजासहजी नाहीच. दुखणं लपवण्यात ही मुलं पटाईत. आमच्याकडे एक कपाटाएवढा मुलगा होता. बोट मोडलेलं त्यानं आठवडाभर लपवलं. मी एकदा नुसतंच "काय म्हणतोस?" म्हणून हात पुढे केला, तर यानं डावा हात दिला. तिथंच सापडला. रडवेला होऊन म्हणाला, "डॉक, कोचला सांगू नका." मी सांगितलं, अर्थात. पण सरळ त्याच्यासमोर सांगितलं, आणि पुढच्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्या एकाला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला.

आता मुद्द्याचं. दोन हजार सहा सालची गोष्ट. आमचा क्वार्टरबॅक होता डॅरेल.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जवळपास सगळ्यांसाठी, थोडक्यात सांगते. प्रत्येक खेळीची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात होते. त्याला मागून बॉल मिळतो असं समजू नका. पुढचा वाकलेला गडी दोन पायांमधून बॉल त्याच्याकडे देतो. मग तीन-चार सेकंदांत लांब पळणाऱ्या आपल्या गड्यांपैकी कुणाकडे फेकायचा ते त्यानं ठरवायचं. एवढ्या वेळात समोरचे धिप्पाड गडी याला आडवा करायला धावून येत असतात. त्यांना अडवणारे आपले लोक असतात, पण अडवणं कधी जमतं, कधी नाही. क्वार्टरबॅकचं काम हे की येणाऱ्यांकडे न बघता लांब बघायचं. मला स्वतःला साधा रस्ता ओलांडताना हे जमलं नसतं.

डॅरेलला ते आदल्या वर्षी सुंदर जमलं होतं. आई शाळेची बस चालवायची, वडील नव्हते, घरात हा थोरला. बोलायला मऊ. टेबलावर बसला की स्वतःहून मोजे काढून घडी घालून ठेवायचा, हे बाकी कुणी करत नसे. त्या मोसमातल्या दुसऱ्या मॅचच्या अगदी शेवटच्या खेळीत डाव्या बाजूनं, त्याला दिसलाच नाही असा एक गडी येऊन त्याच्यावर आदळला. मी पळत गेले. डोकं ठीक, हाडं ठीक, बरगड्यांना मुका मार. मधल्या शनिवारी आमची मॅच नव्हती. दोन आठवड्यांत बरा झाला, मी 'खेळेल' म्हटलं, आणि तो खेळू लागला.

आणि बिघडला. बॉल समोरच्याच्या गुडघ्यापाशी पडायचा, नाहीतर डोक्यावरून जायचा. आम्ही एकापाठोपाठ एक हरत होतो. लोक म्हणायचे हात गेला. मला काही केल्या चैन पडेना. मी त्याचा खांदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, ताकद पाहिली, दाबून पाहिलं. काहीही नव्हतं. रिकाम्या जिममध्ये त्याला बॉल फेकायला लावलं, तर असा फेकायचा की बघत राहावं. मैदानात समोर माणसं आली की फेकण्याच्या क्षणी मागचा पाय अजून मागे सरकायचा, आणि डोळे लांब न जाता खाली, येणाऱ्यांच्या पायांवर. हे काही मी शोधून काढलं नाही. ग्रेडींना ते माझ्या आधी दिसलं होतं, त्यांच्या मदतनिसांना दिसलं होतं, बहुधा समोरच्या टीमलाही दिसलं होतं. मुलगा भ्याला होता. आम्हाला उपाय तेवढा माहीत नव्हता. मला तर राहून राहून नवल वाटायचं की दोन आठवड्यांत बरगडी बरी होते आणि हे का होत नाही.

आमचा दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक कोण होता, तर निखिल. पार्सिपनीच्या जयंतरावांचा मुलगा. इथंच जन्मलेला. जयंतराव पुण्याचे, तरुणपणी क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट स्टंपांवर फेक करायचे, असं ते स्वतः सांगायचे. मुलाला फेकायला त्यांनीच शिकवलं होतं. आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली. फुटबॉलचा मोसम आणि गणपती एकदमच येतात, त्यामुळे आरतीनंतर प्रसाद घेता घेता मला गुडघे दाखवणारे लोक भेटायचे, त्यात हेही. निखिल मला मावशी म्हणायचा, सरावात मात्र डॉक. हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

एका मंगळवारी ग्रेडी माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. असं ते कधी करत नसत.

"डॉक, डॅरेलचा खांदा कसा आहे?"

"उत्तम."

"थोडा दुखरा असेल ना?"

"नाही."

ते टेबलावर बसले, मुलं बसतात तसे. म्हणाले, "त्याला बसवावं लागणार आहे. सगळ्यांना कळतंय. पण वाईट खेळतो म्हणून बसवला, तर पोरगं कायमचं मोडेल. खांदा दुखतोय म्हणून बसला, तर दोन-तीन आठवडे डोकं शांत होईल, मग परत येईल. कुणी काही बोलणार नाही. तू फक्त गुरुवारी 'बघू' म्हण. 'नाही' सुद्धा म्हणू नकोस."

मला आधी हसूच आलं. म्हटलं, हे तर आपलंच. स्थळाला नकार द्यायचा असतो तेव्हा मुलगी पसंत नाही असं आपण म्हणतो का? पत्रिका जुळत नाही म्हणतो. मुलीकडच्यांनाही कळतं, मुलाकडच्यांनाही कळतं, आणि दोन्हीकडचे लोक पुन्हा लग्नकार्यात भेटले तर चहा पिऊ शकतात. माझ्या धाकट्या दिरासाठी असले तीन निरोप मीच पोचवले आहेत. हे अमेरिकन लोक तोंडावर बोलतात, तोंडावर बोलतात म्हणून आपण ऐकत आलो, आणि इथं च्युइंगम चघळत हा माणूस मला पत्रिका बघायला सांगत होता.

या धंद्यात ते नवं नव्हतं. दुसऱ्या कॉलेजांतल्या ट्रेनर मैत्रिणींकडून मी ऐकलं होतं, सोयीच्या दुखापती असतात म्हणून. माझ्यावर वेळ आली नव्हती इतकंच. मी म्हटलं, "विचार करते." ते म्हणाले, "गुरुवारपर्यंत कर."

संध्याकाळी जयंतरावांचा फोन. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कुणास ठाऊक.

"ताई, दिवाळीचा फराळ घेऊन येऊ का? सुनीतानं चकल्या केल्यात, भाजणी पुण्याहून आणलेली." मग थोडं थांबून, "डॅरेलचा खांदा जरा गडबड आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"असंच, कानावर आलं. नाही, तुमचं कोचशी रोजचं बोलणं असतं. आपला मुलगा आहे. तीन वर्षं बाकावर बसून काढली त्यानं. आम्ही थंडीत कुडकुडत बघतो, कुणाला? बाकाला."

वशिला हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण चकल्यांमागे तोच होता. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. दर शनिवारी पार्सिपनीहून गाडी हाकत येणारा आणि मुलगा एकदाही मैदानात न उतरलेला बाप होता तो. आणि मनातून मलाही हवं होतं. आपला एक मुलगा त्या जागी उभा आहे हे बघायला कुणाला आवडणार नाही? म्हणूनच मी ताडकन म्हटलं, "जयंतराव, फराळ दिवाळी झाल्यावर आणा." त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी डॅरेल आला. सगळे गेल्यावर. टेबलावर बसला, पण या वेळी मोजे काढले नाहीत.

"डॉक, माझा खांदा दुखतोय."

मी खांदा हातात घेतला. वर, खाली, मागे. तो जिथं 'आई गं' करायला हवं तिथं करत नव्हता आणि नको तिथं करत होता. लपवायचं कसं ते या मुलांना येतं, दाखवायचं कसं ते येत नाही.

"कोच बोलले का तुझ्याशी?" मी विचारलं.

तो मोज्याची कड ओढू लागला. मग म्हणाला, "प्लीज. माझी आई शनिवारी सुट्टी घेऊन येते. तिच्या बसमधल्या मुलांना तिनं सांगून ठेवलंय माझ्याबद्दल." "तुम्ही नुसतं म्हणायचंय. कुणाचं काय जाणार आहे?"

तो गेल्यावर मी बर्फाच्या मशीनशेजारी उभी राहून तोच विचार करत बसले. कोचला हवं, मुलाला हवं, जयंतरावांना हवं. कुणाचं काय जाणार आहे?

मी गाडीपाशी आले तर निखिल तिथं उभा. हात खिशात.

"मावशी, डॅरेल खरंच हर्ट आहे?"

"दुसऱ्याच्या शरीराचं मी तुला सांगू शकत नाही. तुझंही कुणाला सांगत नाही."

"आय नो. ओके. पण ऐक ना. जर तो हर्ट नसेल, आणि तुम्ही लोक तसं म्हणालात, तर मला नकोय." त्याला मराठीत पुढं सांगता येईना, मग इंग्रजीतच बोलला. त्याचं म्हणणं असं, की मग मी फक्त त्याची जागा धरून ठेवणार. दोन मॅच चांगल्या खेळलो तरी म्हणतील, खांदा बरा झाला, थँक यू, आता बाकावर बस. मला कोचनं निवडलेलं पाहिजे. एकदाच, पण निवडलेलं. शेवटी म्हणाला, "आणि बाबांना प्लीज सांगू नकोस मी हे बोललो."

गाडी चालवताना मला लख्ख कळलं काय जाणार आहे ते. निखिलचं जाणार होतं. आणि माझं. आज मी न दुखणारा खांदा दुखरा म्हटला, तर उद्या खरंच दुखणारा खांदा खरा कशावरून? तो कपाटाएवढा मुलगा परत कुणाला हाताला धरून आणेल का माझ्याकडे? विनयला घरी सांगितलं, तर तो म्हणाला, "करार दरवर्षी नवा होतो तुझा, ते लक्षात ठेव." बरोबरच होतं त्याचं. त्या रात्री मी चिडून त्याच्याशी भांडले, कारण दुसरं भांडायला कुणी नव्हतं.

गुरुवारी बैठकीत ग्रेडींनी नावं घेतली. तीन-चार झाली. मग म्हणाले, "डॅरेल."

"खेळेल," मी म्हटलं.

त्यांचं चघळणं थांबलं. "खांदा?"

"खांद्याला काहीही झालेलं नाही."

एक मदतनीस स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. वाटलं, झालं, गेली नोकरी. मग ग्रेडींनी शांतपणे पुढचं नाव घेतलं. बैठक संपल्यावर उठले, जाकीट घातलं आणि डॅरेलला शोधायला निघाले. मी खिडकीतून पाहिलं. मैदानालगतच्या लोखंडी बाकांवर दोघं शेजारी बसले होते. शनिवारी निखिल खेळणार हे कोच त्याला तोंडावर सांगत होते, डॅरेलनं हेल्मेट डोक्यावरच ठेवलं होतं. शुक्रवारी तो पट्ट्या बांधायला आला आणि माझं टेबल सोडून माझ्या मदतनीस मुलीच्या टेबलावर जाऊन बसला. मला भयंकर लागलं ते.

शनिवारी जयंतराव अर्धं मंडळ घेऊन आले. घोंगड्या, थर्मासमध्ये चहा, डब्यांत चकल्या. निखिलचं नाव पुकारलं गेलं तेव्हा कुणीतरी गणपतीचा जयजयकार केला आणि पुढच्या ओळीतले गोरे आजोबा दचकून वळले. निखिल चांगला खेळला. फार नाही, पण चांगला. न घाबरता लांब बघायचा, आणि एकदा तर त्याच्या फेकीवर आम्हाला गुण मिळाले. जयंतरावांनी वरून मला हात हलवला, जणू मीच फेकला. मी दातओठ खात पाण्याच्या बाटल्या भरल्या.

शेवटचा भाग सुरू झाला आणि निखिल पडला. उजवा तळहात टेकून पडला. मी पोचले तेव्हा तो उठून उभा होता. "मी ठीक आहे. डॉक, आय ॲम फाइन."

अंगठ्याच्या मुळाशी मनगटाजवळ एक खळगा असतो. हात टेकून पडलेल्याचा तो खळगा आधी दाबून बघायचा. तिथं दुखलं तर आतलं एक छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि ते हाड लवकर भरून येत नाही. मी दाबला. निखिल म्हणाला, "नथिंग." पण चेहरा पांढराफटक पडला.

मी मान वर केली. कडेला ग्रेडी माझ्याकडेच बघत होते. मी नाही म्हणून मान हलवली. नक्की का, जरा बांधून बघतेस का, काही विचारलं नाही त्यांनी. लगेच वळून हाक मारली, "डॅरेल."

मी निखिलला बाहेर आणलं तर जयंतराव कुंपणापाशी खाली आलेले. "ताई, शेवटची दहा मिनिटं आहेत. घट्ट बांधून द्या ना. काही होत नाही हो त्याला. सगळं तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात आहे म्हणूनच नाही," मी म्हटलं. "वर जाऊन बसा."

ते गेले, पण ज्या नजरेनं गेले ती मला अजून दिसते. त्यांच्या हिशेबात मीच दिलं होतं आणि मीच काढून घेतलं. पुढचं सांगून टाकते. त्या हाडात बारीक चीर निघाली, निखिलचा हात कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये होता. जयंतराव पुढच्या गणपतीत माझ्याशी बोलले नाहीत, त्याच्या पुढच्या गणपतीत बोलले. मॅच आम्ही हरलो. डॅरेलची पहिली फेक आखूड पडली. मी तेव्हा निखिलच्या मनगटाला फळी बांधत होते, मैदानाकडे माझी पाठ होती, तेव्हा ते मला निखिलनंच सांगितलं. "पडला बॉल. पण मावशी, तो समोरचा येताना त्याला दिसला होता, आणि डॅरेल हलला नाही." डॅरेल त्या मोसमानंतर फुटबॉल सोडून गेला. चांगला होऊन गेला असं म्हणता येणार नाही. त्याच्याशी मोकळेपणानं बोलायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पण मैदानात जायच्या आधी तो माझ्यापाशी थांबला होता. बुधवारनंतर पहिल्यांदा. वर आई बसलेली. हेल्मेट हातात, डोळे निखिलच्या मनगटावर.

"डॉक," तो हळूच म्हणाला, "त्याला खरंच लागलंय? की हे माझ्यासाठी?"

"खरंच लागलंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली, हेल्मेट घालून हनुवटीखालचा पट्टा लावला आणि तो आत गेला.